‘ऑरगॅनिकच पाहिजे’ हा हट्ट कशासाठी?

बीएस्सीचे निकाल लागले की एकच प्रश्न घेऊन पालक येऊ लागतात. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एमएस्सीला ॲनॅलिटिकल मिळतंय, पण घराजवळच्या कॉलेजात विनाअनुदानित तुकडीत ऑरगॅनिक मिळू शकतं. फी बरीच जास्त आहे. भरू का? विचारणारे बहुधा वडील असतात. ज्याला शिकायचं आहे तो शेजारी गप्प बसलेला असतो.

माझं उत्तर सरळ आहे. भरू नका.

ऑरगॅनिकचं आकर्षण उगाच निर्माण झालेलं नाही. औषधांचे रेणू बहुतांशी कार्बनी, आणि तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभपासून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या जाहिरातींत ‘एमएस्सी ऑरगॅनिक’ हे शब्द वर्षानुवर्षं दिसत आले. मागणी दिसली तशा ठिकठिकाणी तुकड्या उघडल्या. त्यांतल्या कित्येक ठिकाणी दोन वर्षांत विद्यार्थी काय करतो? रिफ्लक्स लावतो, टीएलसी काढतो, वितळणबिंदू पाहतो आणि जर्नल भरून सही घेतो. एनएमआरचा आलेख त्याने पाहिलेला असतो तो झेरॉक्सवर. मग मुलाखतीत समोरचा माणूस एक क्रोमॅटोग्राम पुढे सरकवतो, ‘हा शेजारचा छोटा पीक कशाचा असेल, कसं शोधाल?’ असं विचारतो, आणि गुणपत्रिकेत ए प्लस असलेला मुलगा गडबडतो. त्यात त्या मुलाचा दोष फार थोडा असतो. त्याला ते यंत्र कुणी हाताळूच दिलेलं नसतं.

म्हणून शाखेचं नाव नंतर पाहा, आधी विभाग पाहा. जिवंत विभागात सकाळी रासायनिक गतिकी शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे पीएचडीचे विद्यार्थी दुपारी त्याच इमारतीत एखाद्या उत्प्रेरकाशी झुंजत असतात. एमएस्सीचा विद्यार्थी त्यांच्यात वावरतो, आणि अभिक्रिया फसली तर ती का फसली हे शोधायचं कसं, हे त्याला तिथेच दिसतं. पुस्तकातल्या अभिक्रिया सगळ्या यशस्वी झालेल्या असतात. पुण्याचं उदाहरण घ्या. विद्यापीठ १९४९चं, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन १९५०चं, तिला लागून असलेली आयसर २००६ची, आणि या तिन्ही संस्था एकमेकींपासून रिक्षाने जाण्याइतक्या जवळ. व्याख्यान ऐकायला, प्रकल्पासाठी विचारायला जाता येतं. हे वातावरण फी भरून विकत मिळत नाही. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्थासुद्धा १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणूनच सुरू झाली होती. तिथे पदवी आणि पीएचडी केलेले रघुनाथ माशेलकर पुढे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले.

प्रवेशाआधी एक दिवस काढून विभागात जा. पालकांनी फाटकाबाहेर थांबावं, मुलाला एकट्याला आत जाऊ द्यावं. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा: एचपीएलसीवर तुम्ही स्वतः नमुना घातलात का, की दाखवलं फक्त? यंत्रांच्या खोलीला कुलूप असतं का? फ्यूम हूड चालतात का? नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या एमएस्सीत २०२३-२४ पासून प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प आला आहे. तो प्रकल्प खरोखर प्रयोगशाळेत होतो, की शेवटच्या पंधरवड्यात टाइप होतो? अशा चार प्रश्नांतून जे कळतं, ते माहितीपत्रकातून कळत नाही.

आता त्या नाकारल्या जाणाऱ्या ॲनॅलिटिकलबद्दल. १९८६च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं. दोन्ही द्रव रंगहीन, दाट, चवीला गोड. डोळ्यांना फरक कळत नाही, पण एक मूत्रपिंडं निकामी करतं आणि दुसरं करत नाही. गॅस क्रोमॅटोग्राफी तो फरक स्पष्ट दाखवते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली, यंत्रणेवर कडक ताशेरे ओढले, आणि तरीही २०२२मध्ये गांबियातली लहान मुलं भारतात तयार झालेल्या खोकल्याच्या औषधांनंतर दगावली, तेव्हा पुन्हा याच रसायनाचं नाव पुढे आलं. २०१८मध्ये वल्सार्टन हे रक्तदाबाचं औषध जगभर परत मागवावं लागलं. कारण उत्पादनपद्धत बदलताना वापरलेला द्रावक आणि सोडियम नायट्राइट यांच्यामुळे त्यात एनडीएमए हा संभाव्य कर्करोगकारक पदार्थ तयार होत होता. नेहमीच्या चाचण्या तो शोधतच नव्हत्या. तो शोधण्याच्या पद्धती विश्लेषकांना नव्याने बसवाव्या लागल्या.

रेणू बनवणाऱ्याइतकाच तो तपासणारा महत्त्वाचा आहे, हे मी पालकांना पुन्हा पुन्हा सांगतो, कारण ‘क्यूसीत काय, नुसत्या टेस्ट मारायच्या’ हे वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकवलं जातं. क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता नियंत्रणात, शिफ्ट असते, सुरुवातीचा पगार पाहून निराशा होते, अनेकदा पहिली नोकरी कंत्राटी असते. हे खरं आहे, लपवून उपयोग नाही. पण पद्धत विकसित करणारा, अज्ञात अशुद्धी ओळखू शकणारा आणि चुकीचं आलेलं रीडिंग न पुसणारा विश्लेषक कंपनी सहजासहजी सोडत नाही. शिवाय कंपन्यांबाहेरही दारं आहेत. कालिन्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आणि तिच्या नागपूर, पुणे, नाशिक इथल्या शाखा आहेत, अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळा आहेत. यूपीएससीच्या संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रसायनशास्त्रज्ञ आणि केंद्रीय भूजल मंडळात रासायनिक शाखेचे शास्त्रज्ञ निवडले जातात. रसायनशास्त्रात एमएस्सी झालेल्यांना या परीक्षेची नावानिशी माहिती असल्याचं मला क्वचितच आढळतं.

आणि शाखेचा शिक्का आयुष्यभर चिकटतो ही भीतीही अवाजवी आहे. नेटचा रसायनशास्त्राचा पेपर एकच, गेटचा एकच. आयआयटीची एमएस्सी तर सरळ ‘रसायनशास्त्र’ याच नावाची असते.

बीएड, स्पर्धा परीक्षा, बीएस्सीनंतर एमबीए हे रस्ते तुम्हाला शेजारीपाजारी सांगतीलच. भाभा अणुसंशोधन केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय एमएस्सी रसायनशास्त्रवाल्यांना घेतं, तेवढं टिपून ठेवा. पीएचडी करायची तर शिष्यवृत्ती मिळवून करा. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० मिळतात, घरभाडं वेगळं. शिष्यवृत्तीशिवाय, केवळ नोकरी लागेपर्यंत वेळ काढायला पीएचडीला बसू नका. पाच वर्षं सहज जातात.

राहिला मुलींचा विषय. त्यावर मी पालकांशी कठोरपणे बोलतो. एमएस्सीच्या वर्गांत मुली भरपूर असतात, अभ्यासात पुढे असतात, आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर घरून फोन येतो: प्लांटमधली नोकरी नको, रात्रपाळी नको, परगाव नको, स्थळं पाहायला सुरुवात केली आहे. मग शिकवलंत कशाला? कमला सोहोनी १९३३मध्ये मुंबईतून बीएस्सी झाल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, अटी स्वीकारून आत गेल्या, १९३९मध्ये केंब्रिजची पीएचडी घेऊन आल्या, आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. त्यांचे वडील स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी मुलीला घरी ओढलं नाही. नव्वद वर्षांपूर्वी एका मराठी घरात हे शक्य झालं असेल, तर आज तुमच्या घरात कोणती अडचण आहे, ती मला सांगू नका, मुलीला सांगा, आणि तिचं उत्तर पूर्ण ऐकून घ्या. कंपनीची बस, वसतिगृह, रात्रपाळीचे नियम ही चौकशी जरूर करा. पण ती करायची मुलीला पाठवण्यासाठी, थांबवण्यासाठी नाही.

यंदा तिसऱ्या वर्षाला असलेल्यांनी एवढं करावं. आयआयटीच्या एमएस्सीसाठी द्याव्या लागणाऱ्या जॅम परीक्षेचे अर्ज साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत असते आणि भौतिक, अकार्बनी, कार्बनी हे तिन्ही भाग एकाच पेपरात येतात. फिजिकलची गणितं सोडून देऊन ती निघत नाही. विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षांचे अर्जही त्यासोबत भरा. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी, विभाग चालू असताना, दोन ठिकाणी जाऊन या.