वाशीमची मध्यरेषा कुठे गेली?

प्रश्न : आमच्या वाशीममध्ये मध्यमेश्वराचं देऊळ आहे. लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी पृथ्वीची मध्यरेषा तिथून जाते, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. मुलगा दहावीला आहे. तो म्हणतो, शून्य रेखांश ग्रीनिचला, हे सगळं थोतांड आहे. आपली रेषा खरी होती का? आणि खरी होती तर गेली कुठे?
— एक वाचक, वाशीम

उत्तर : मुलाच्या पुस्तकात आहे ते बरोबरच आहे, पण 'थोतांड' हा शब्द त्याला मागे घ्यायला लावा. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराच्या 'महाभास्करीय' ग्रंथात मध्यरेषेवरच्या ठिकाणांची यादी आहे, तिच्यात हे गाव आहे. पुढे आपले 'लीलावती'वाले भास्कराचार्य. त्यांच्या ११८३ सालच्या 'करणकुतूहला'तही उज्जयिनी आणि कुरुक्षेत्राच्या पंगतीला वत्सगुल्म बसलेलं आहे. या रेषेवरच्या वेळेला ग्रहांची गणितं करायची आणि आपलं गाव रेषेच्या पूर्वेला की पश्चिमेला, किती लांब, ते पाहून देशांतराची दुरुस्ती करायची, अशी पद्धत होती. कुणी हिला विषुववृत्त म्हणतात, ते मात्र साफ चूक. ही दक्षिणोत्तर रेषा आहे.

आता ती कितपत सरळ होती ते नकाशावर पाहू. वाशीमचा रेखांश ७७ अंश ८ मिनिटं, उज्जैनचा ७५ अंश ४६ मिनिटं. म्हणजे एका रेषेवरची म्हणवणारी ही दोन गावं पूर्व-पश्चिम १४० किलोमीटरच्या आसपास सरकलेली आहेत. हे वाचून मुलगा खूश होईल. पण त्याला तिसरं गावही पाहायला सांगा. कुरुक्षेत्रातलं ठाणेसर ७६ अंश ५० मिनिटांवर आहे. वाशीमहून उत्तरेला सुमारे ११०० किलोमीटर जायचं आणि बाजूला सरकायचं जेमतेम तीस! वाशीम आणि ठाणेसर जवळजवळ एका ओळीत आहेत, ओळ सोडून बसलंय ते उज्जैन. याच यादीत कांचीही आहे. ती तमिळनाडूतली कांची असेल तर ती वाशीमच्या अडीच अंश पूर्वेला पडते. तेव्हा यादीतली सगळी नावं सारख्याच नेमकेपणाने बसवलेली नाहीत, हे धरून चालावं.

एवढी चूक का व्हावी, हे कळलं की एकोणिसाव्या शतकात नेमकं काय घडलं तेही कळतं. अक्षांश काढणं सोपं. ध्रुवताऱ्याची उंची मोजा किंवा भर दुपारी शंकूची सावली मोजा, काम झालं. रेखांशाला आकाशात असा खुंटा नाही. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणून दोन गावांच्या रेखांशातला फरक म्हणजे त्यांच्या स्थानिक वेळांतला फरक. उज्जैनला माध्यान्ह झाली त्याच क्षणी वाशीमला काय वाजलं होतं, एवढंच कळायला हवं. पण त्या क्षणी वाशीमच्या माणसाला उज्जैनहून सांगणार कोण?

जुन्या लोकांनी काढलेली तोड नामी होती : चंद्रग्रहण. चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो तो सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो. उज्जैनच्या जोशीबुवांनी आणि वाशीमच्या जोशीबुवांनी ग्रहणाचा स्पर्श आपापल्या वेळेने टिपून ठेवायचा आणि पुढे कधीतरी आकडे जुळवायचे. वेळ मोजायला घटिकापात्र, म्हणजे बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी. ती घंगाळातल्या पाण्यावर सोडायची. भरून बुडाली की एक घटका, चोवीस मिनिटं. पुन्हा उचलायची, पुन्हा सोडायची, सूर्यास्तापासून किती वेळा बुडाली ते मोजत राहायचं. भोकात कचरा अडकला, पाणी गार पडलं, उचलणाऱ्याला डुलकी लागली, की हिशेब गेला. त्यात ग्रहणाची सावलीही धारदार नसते. कडा धुरकट असते, नेमका स्पर्श कधी झाला यावर दोन माणसांचं एकमत होणं कठीण. आणि एका मिनिटाची चूक झाली तरी वाशीमच्या अक्षांशावर गाव २६ किलोमीटर सरकतं.

उज्जैन आणि वाशीम यांच्या वेळांतला खरा फरक साडेपाच मिनिटांचा आहे, पावघटकेहूनही कमी. वाटी आणि धुरकट कडा हाताशी असलेल्या माणसांना तो सापडला नाही आणि त्यांनी दोन्ही गावं एका रेषेवर धरली. मला तर हे कौतुकाचंच वाटतं. गुण द्यायचेच तर सढळ हाताने द्यावेत.

आता इंग्रजांकडे वळू, कारण त्यांची रेषाही तुमच्याच जिल्ह्याच्या कडेने गेली आहे. विल्यम लॅम्टन याने १८०२ मध्ये मद्रासेहून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. जमिनीवर काही मैलांचा पाया साखळीने मोजायचा, त्याच्या दोन टोकांवरून लांबच्या टेकडीचे कोन घ्यायचे, त्रिकोण पुरा करायचा आणि त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभारायचा. पाया एकदा मोजला की पुढे फक्त कोन, घड्याळाचा प्रश्नच नाही. कोन मोजणारा थिओडोलाइट मात्र अर्ध्या टनाचा, तो डोंगरमाथ्यावर चढवायचा. हैदराबादेहून नागपूरकडे निघालेला लॅम्टन जानेवारी १८२३ मध्ये वाटेतच हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने काम उचललं. उपकरणं बदलली, आधीचे टप्पे पुन्हा मोजायला लावले आणि १८४१ च्या सुमारास कन्याकुमारीपासून डेहराडूनपर्यंतची त्रिकोणांची माळ पुरी झाली.

या माळेचा मध्य भारतातला मुख्य टेकू म्हणजे सिरोंजजवळचं कल्याणपूर, रेखांश ७७ अंश ३९ मिनिटं. बिदरचा पाया ते सिरोंजचा पाया हा टप्पा वऱ्हाडातून जातो. ती रेषा वाशीम जिल्ह्यात शोधायची तर मानोऱ्याच्या किंचित पूर्वेला बोट ठेवा. मध्यमेश्वराच्या देवळापासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. देशाच्या नकाशाचा कणा ठरलेली विलायती रेषा आणि आपली जुनी मध्यरेषा इतक्या जवळून जाव्यात, यात गूढ काही नाही. हिंदुस्थानच्या मधोमध उभी रेघ ओढायला निघालात तर ती कुणीही ओढली तरी इथूनच कुठून तरी जाणार.

पण साहेबाची रेषा तरी बिनचूक होती का? नाही! त्रिकोणांनी गावागावांतलं अंतर अचूक कळतं, पण ही सगळी माळ ग्रीनिचपासून किती पूर्वेला टांगायची, हे त्रिकोण सांगत नाहीत. त्यासाठी मद्रास वेधशाळेच्या रेखांशावर भिस्त होती आणि तो काढला होता पुन्हा ग्रहणांवरूनच. आपल्या चंद्राच्या जागी गुरूचे चंद्र आणि वाटीच्या जागी उत्तम घड्याळं, एवढाच फरक. त्यामुळे हिंदुस्थानचा सगळा नकाशा सुमारे अडीच कोनीय मिनिटं पूर्वेला सरकून बसला. वाशीमच्या अक्षांशावर हे सव्वाचार किलोमीटर होतात. ज्या खात्याने १८५६ मध्ये हिमालयातल्या शिखराची उंची २९,००२ फूट अशी जाहीर केली, शेवटच्या दोन फुटांसकट, त्याच खात्याला आपला देश चार किलोमीटर कुठे सरकलाय हे ठाऊक नव्हतं. पुढे जुन्या नकाशांच्या समासात दुरुस्तीची टीप छापावी लागली. अशी टीप छापणारं सरकारी खातं मला तरी आवडतं.

ही गाठ सोडवली तारेने. दुर्बिणीने नव्हे. दोन गावांना एकच क्षण सांगणारं चंद्रग्रहण वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी येतं. तारेचा खटका वाटेल तेव्हा दाबता येतो. अमेरिकेत १८४४ मध्ये मोर्सची वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार सुरू झाली आणि त्याच वर्षी या दोन शहरांच्या रेखांशातला फरक तिच्यावरून काढला गेला. आपल्याकडे कलकत्त्याच्या विल्यम ओशॉनेसी नावाच्या डॉक्टराने १८३९ मध्ये तारेचे प्रयोग केले होते. वैद्यकशाळेत रसायन शिकवणारा हा माणूस. पण लांब पल्ल्याची तार उभी राहायला डलहौसीचा काळ उजाडला. फेब्रुवारी १८५५ पासून कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास यांच्यात सामान्य माणसालाही तार करता येऊ लागली. त्याआधी दोनच वर्षं, १८५३ मध्ये, मुंबई-ठाणे आगगाडी सुटली होती आणि त्याच साली वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आलं होतं. नागपूरपर्यंत गाडी पोहोचायला १८६७ उजाडलं. त्यानंतर तीन वर्षांनी मुंबई-सुएझ अशी समुद्राखालची तारही पडली.

रेखांशासाठी तार वापरायची रीत अशी : पूर्वेकडच्या ठिकाणी निरीक्षक दुर्बिणीतल्या उभ्या धाग्याला तारा टेकताक्षणी खटका दाबतो. ती खूण दोन्ही ठिकाणच्या फिरत्या कागदावर उमटते. थोड्या वेळाने तोच तारा पश्चिमेकडच्या दुर्बिणीत धाग्यावर येतो, तिथून पुन्हा खटका. दोन खुणांमधला वेळ म्हणजे रेखांशातला फरक. खटका दाबायला प्रत्येकाचा हात किती उशीर करतो याचाही हिशेब ठेवत आणि तो फरक पुसण्यासाठी निरीक्षकांची अदलाबदल करत. १८७०च्या दशकात सर्वेक्षण खात्याने देशातली मोठी ठिकाणं अशी तारेने एकमेकांना जोडली. ग्रीनिचपर्यंतचा धागा मात्र शतक संपता संपता नीट जुळला, तेव्हा ते अडीच मिनिटांचं भांडं फुटलं.

याच वर्षांत आपले ज्योतिषी काय करत होते, हेही मुलाला सांगा. नागपुरात शिकलेले बापूदेव शास्त्री काशीच्या संस्कृत पाठशाळेत होते. विल्किन्सनने केलेलं 'सिद्धांतशिरोमणी'च्या गोलाध्यायाचं इंग्रजी भाषांतर त्यांनी तपासून दिलं, ते १८६१ मध्ये छापून आलं. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात केरो लक्ष्मण छत्र्यांची 'ग्रहसाधनाची कोष्टकें' निघाली. केरूनाना तरुणपणी कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले. जुनं पंचांग आकाशाशी जुळत नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून नव्या वेधांवरची मानं घेऊन कोष्टकं रचली आणि १८६५ पासून पटवर्धनी पंचांग सुरू झालं. त्यावरून झालेली भांडणं अजून पुरती मिटलेली नाहीत, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

मग ग्रीनिच शून्यावर का? तिथे आकाशात किंवा जमिनीत काही खास होतं म्हणून नव्हे. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले, मतं पडली. बाजूने २२, विरुद्ध एक, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ. जगातली बहुतेक जहाजं आधीच ग्रीनिचवरून बेतलेले नकाशे वापरत होती, म्हणून सोय पाहिली गेली. त्या खोलीत उज्जैनचं किंवा वाशीमचं नाव घ्यायला कुणी नव्हतं, हेही खरं. तेव्हा तुमची रेषा खोटी ठरली नाही. तिचं काम दुसरीकडे गेलं, इतकंच. आजच्या राष्ट्रीय पंचांगाचं मध्यवर्ती ठिकाण पाहिलंत तर गंमत वाटेल. रेखांश घेतलाय साडेब्याऐंशी, म्हणजे आपल्या प्रमाणवेळेचा, आणि अक्षांश २३ अंश ११ मिनिटं, म्हणजे उज्जैनचा.

प्रश्न : मग वाशीमला खरे बारा कधी वाजतात? (हा मुलाचा प्रश्न.)

उत्तर : सरासरीने घड्याळात १२ वाजून साडेएकवीस मिनिटं झाली की. १ जानेवारी १९०६ पासून देशाची एकच प्रमाणवेळ आली. त्याआधी रेल्वे मद्रासची वेळ पाळायची, मुंबई आपली स्वतःची आणि गावोगावचे लोक सूर्याची. मुंबईने तर नव्या वेळेविरुद्ध भांडण काढलं आणि तिथल्या महापालिकेची घड्याळं पुढे कित्येक वर्षं ३९ मिनिटं मागेच चालत राहिली.

मात्र सूर्य वर्षभर घड्याळाशी इमान राखत नाही. वाशीमला नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२ वाजून ५ मिनिटांनीच माथ्याच्या रेषेवर येतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ३६ मिनिटांनी. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या तारखांच्या आसपास सरासरी आणि प्रत्यक्ष वेळ जुळते. तेव्हा अंगणात ओळंब्याने सरळ उभी काठी रोवायची, सावलीच्या टोकाला दर दोन मिनिटांनी खडूची खूण करायची आणि सर्वांत आखूड सावली कधी पडली ते मोबाइलवर पाहायचं. उज्जैनला कुणी ओळखीचं असेल तर त्यालाही त्याच दिवशी हेच करायला सांगा. त्याची सावली तुमच्यानंतर साडेपाच मिनिटांनी आखूड व्हायला हवी. माध्यान्हीच्या आसपास सावली इतकी हळू बदलते की तुमच्या दोघांच्या आकड्यांत दोन-चार मिनिटांची तफावत सहज येईल. ती आली तर आकडे आहेत तसेच कळवा, पुढच्या अंकात छापू.