सेन्सरला करंट द्यायचा कुठून? आधी जमाखर्च मांडा



मागच्या व्हिडिओत आपण सोसायटीच्या टाकीसाठी पाण्याची पातळी दाखवणारा आणि पंप चालू-बंद करणारा बॉक्स बनवला. टेबलावर तो मस्त चालतो. पण ग्राहकाकडे लावल्यावर कधी रीडिंग चुकतं, कधी बोर्ड आपोआप रीस्टार्ट होतो, तर कधी पिन कायमची जाते. मग वॉरंटीत दोन फेऱ्या मारल्या की त्या ऑर्डरचा नफा संपला. म्हणून आज फक्त एकच विषय: पिनमधून वीज घेणं.

आपला बोर्ड आहे रास्पबेरी पाय ४. त्याच्या ४० पिनांची तीन खाती समजा.

१) ५ व्होल्ट: पिन २ आणि ४. ही वीज जवळजवळ थेट अडॅप्टरमधून येते. म्हणजे अडॅप्टरची ताकद वजा बोर्डाचा स्वतःचा खर्च, एवढीच तुमच्या हातात शिल्लक.
२) ३.३ व्होल्ट: पिन १ आणि १७. ही बोर्डावरच तयार होते. छोट्या सेन्सरसाठी ठीक, जड कामासाठी नाही.
३) जीपीआयओ पिन: या निरोप्या आहेत, हमाल नाहीत! एका पिनवरून १६ मिलिअँपिअरच्या वर घेऊ नका. आणि त्यांना ३.३ पेक्षा जास्त व्होल्टेज अजिबात चालत नाही.

आता आपल्या बॉक्सचा खर्च लिहा. एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासोनिक सेन्सर ५ व्होल्टवर साधारण १५ मिलिअँपिअर घेतो. ५ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल ७० ते ८०. एकूण १०० च्या आत. ३ अँपिअरच्या चांगल्या अडॅप्टरवर हे सहज बसतं. पण तीच कॉइल थेट जीपीआयओला जोडली, तर पिनच्या मर्यादेच्या चौपट-पाचपट खर्च झाला. म्हणून कॉइलला वीज ५ व्होल्ट पिनवरून द्यायची आणि जीपीआयओने फक्त इशारा करायचा. त्यासाठी ट्रान्झिस्टर असलेलं तयार रिले मॉड्यूल घ्या. दुकानात विचारा, "३.३ व्होल्टच्या सिग्नलवर चालतं ना?"

दुसरा सापळा म्हणजे सेन्सरची एको पिन. सेन्सरला ५ व्होल्ट दिले की ती उत्तरही ५ व्होल्टमध्येच देते. ते थेट बोर्डाला दिलं तर पिन जळू शकते. उपाय सोपा आहे. एकोपासून जीपीआयओपर्यंत १ किलोओहमचा रेझिस्टर आणि जीपीआयओपासून ग्राउंडला २ किलोओहमचा. पाचाचे तीन भाग केले, दोन भाग पिनला मिळाले, म्हणजे ३.३ व्होल्ट. २ किलोओहमचा मिळाला नाही तर १-१ चे दोन एकापाठोपाठ जोडा. काही रुपयांत काही हजारांचा बोर्ड वाचतो.

जोडणीआधी एवढं तपासा:

- सेन्सर, रिले मॉड्यूल आणि बोर्ड यांचं ग्राउंड एकच हवं. सेन्सरला वेगळा सप्लाय दिला तरी हे सोडायचं नाही, नाहीतर रीडिंग भरकटतं.
- वायर लांब असेल तर वाटेत व्होल्टेज पडतं. मल्टिमीटर सेन्सरच्या टोकाला लावून बघा, बोर्डापाशी नाही.
- स्क्रीनवर विजेचं चिन्ह दिसलं तर सप्लाय कमी पडतोय. आधी अडॅप्टर आणि केबल बदला.
- वायर जोडताना-काढताना बोर्ड बंद ठेवा.

आणि पंपाची मोटर? तिची वीज बोर्डातून कधीच नाही, छोट्या रिलेतूनही नाही. रिलेने फक्त पंपाचा कॉन्टॅक्टर चालवायचा. ती २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्या आणि त्याची मजुरी कोटेशनमध्ये आधीच धरा.

आजचा गृहपाठ: वहीत चार रकाने आखा. वस्तू, व्होल्ट, मिलिअँपिअर, कुठल्या पिनवरून. बेरीज करा आणि अडॅप्टर त्या बेरजेपेक्षा सढळ ठेवा. हा कागद प्रत्येक बॉक्सच्या बिलासोबत फाइलला लावा. सहा महिन्यांनी ग्राहकाने आणखी एक सेन्सर मागितला, तर "बसेल की नाही" हे अंदाजाने नाही, कागद बघून सांगता येईल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!