मद्यप्राशन करून वाहन चालविण्याचा गुन्हा : कायदा, चाचणी आणि विधी साहाय्य

वसई रोड रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस वसलेले माणिकपूर पूर्वी नवघर-माणिकपूर नगरपरिषदेच्या क्षेत्रात होते. २००९ मध्ये ते वसई-विरार शहर महानगरपालिकेत समाविष्ट झाले. वस्ती वाढली तशी वाहनेही वाढली. लग्नसराईत किंवा वर्षअखेरीस रात्री उशिरा घरी परतणारे आणि पहाटे भाजीपाला, फुले घेऊन मुंबईच्या बाजाराकडे निघणारे एकाच रस्त्यावर येतात. अशा वेळी पोलिसांनी नाक्यावर वाहन थांबवून श्वासाची चाचणी घेतली, तर पुढे काय होते याची नेमकी माहिती फारच थोड्यांना असते. "दंड भरला की सुटलो" हा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे.

रात्रीचे मद्य, पहाटेचा गुन्हा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार दर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणे हा गुन्हा ठरतो. चालक झोकांड्या देत होता की नाही, हा येथे मुख्य प्रश्न नाही. मोजमाप महत्त्वाचे.

उदाहरणादाखल एका टेंपोचालकाचा विचार करू. हळदीच्या कार्यक्रमात त्याने मध्यरात्रीपर्यंत मद्य घेतले आणि त्या वेळी रक्तातील प्रमाण १०० मिलिग्रॅम होते असे समजू. शरीर सर्वसाधारणपणे ताशी १५ मिलिग्रॅमच्या आसपास मद्यार्क नाहीसा करते. व्यक्तिपरत्वे हा वेग कमी-अधिक असतो. या हिशेबाने पहाटे चार वाजता त्याच्या रक्तात सुमारे ४० मिलिग्रॅम मद्यार्क शिल्लक राहील. आपण शुद्धीवर आहोत असे त्याला प्रामाणिकपणे वाटेल. परंतु कायद्याच्या दृष्टीने तो मर्यादेबाहेरच असेल. कडक चहा, लिंबू किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही.

शिक्षेचे स्वरूप

१ सप्टेंबर २०१९ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही अशी तरतूद आहे. हा गुन्हा रस्त्यावर तडजोड शुल्क भरून मिटविता येणाऱ्या गुन्ह्यांपैकी नाही. त्याचा निर्णय न्यायालयातच होतो. मद्यधुंद चालकास वाहन चालविण्यास चिथावणी देणारा किंवा साहाय्य करणारा इसमही कलम १८८ खाली त्याच शिक्षेस पात्र ठरतो.

पोलीस अधिकारी अनुज्ञप्ती ताब्यात घेऊन ती निलंबनाच्या कारवाईसाठी परिवहन प्राधिकाऱ्याकडे पाठवू शकतो. तिची पोच चालकास मिळते. मात्र अनुज्ञप्ती परत मिळेपर्यंत या पोचेच्या आधारे वाहन चालविता येत नाही. ज्याचे पोट स्टिअरिंगवर आहे, त्याला दंडापेक्षा हीच गोष्ट अधिक जड जाते.

चाचणीची रीत आणि अटकेतील हक्क

श्वासाची चाचणी घेण्याचा अधिकार कलम २०३ ने दिला आहे. चाचणीत मद्यार्क आढळल्यास, किंवा मद्यप्राशनाचा सबळ संशय असताना चालकाने चाचणीस नकार दिल्यास त्याला वॉरंटाशिवाय अटक करता येते. नकार देण्यात शहाणपण नाही. सबळ कारणाविना दिलेला नकार कलम २०५ नुसार न्यायालयात चालकाच्या विरुद्ध जाऊ शकतो.

त्याचबरोबर कायद्याने चालकालाही संरक्षण दिले आहे. कलम १८५ खाली अटक झालेल्या व्यक्तीची वैद्यकीय तपासणी नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीकडून अटकेपासून दोन तासांच्या आत झाली पाहिजे. अन्यथा तिला कोठडीतून मुक्त करावे लागते. अशी मुक्तता म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, खटला पुढे चालू शकतो. म्हणून अटकेची वेळ, चाचणीची वेळ आणि यंत्रावरील आकडा या तीन गोष्टी नातेवाइकांनी टिपून ठेवाव्यात.

अटकेची कारणे जाणून घेणे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेणे आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर केले जाणे, हे हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिलेले आहेत. कलम १८५ चा गुन्हा जामीनपात्र आहे.

अपघात घडल्यास

अपघातात कोणी जखमी झाल्यास त्याला वैद्यकीय मदत मिळवून देणे व पोलिसांना कळविणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. जीवितहानी झाल्यास प्रकरण केवळ मोटार वाहन अधिनियमापुरते राहत नाही. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर एक मोटार चढली. त्यात सात जण मृत्युमुखी पडले व आठ जण जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे आजच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट मद्यार्क आढळला होता. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणाबद्दल सहा महिन्यांची शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत मानून ती तीन वर्षे केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच निर्णय कायम ठेवला. मद्य घेऊन वाहन हाकणाऱ्यास परिणामांची जाणीव असते, असे न्यायालय मानू शकते, हा या खटल्याचा धडा होय. १ जुलै २०२४ पासून सदोष मनुष्यवधासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १०५ लागू आहे आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे.

वकिलाची मदत केव्हा घ्यावी?

पुढील प्रसंगी विलंब न करता विधी सल्ला घेणे इष्ट ठरते :

१. अपघातात कोणी जखमी किंवा मृत झाले असल्यास.

२. पूर्वी अशाच गुन्ह्यात शिक्षा झाली असल्यास.

३. वाहन चालविणे हाच उपजीविकेचा मार्ग असल्यास.

४. चाचणीची वेळ, पद्धत किंवा निष्कर्ष याबद्दल वाद असल्यास.

५. न्यायालयात गुन्हा कबूल करण्यापूर्वी, मग प्रकरण कितीही साधे वाटो.

शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे. तारखा चुकवाव्यात म्हणून अनेक जण घाईने कबुली देतात. परंतु कबुलीवरून झालेली शिक्षा ही दोषसिद्धीच असते, आणि पुढच्या वेळी तीच "पहिला गुन्हा" म्हणून मोजली जाते. वकिलाचे काम खऱ्यावर पांघरूण घालण्याचे नाही; कारवाई कायद्याच्या चौकटीत झाली की नाही हे पाहण्याचे आहे.

वकिलाचा खर्च न परवडणाऱ्यांसाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली विनामूल्य साहाय्याची सोय आहे. कोठडीतील व्यक्ती, स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि विहित मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असणारे नागरिक तिला पात्र आहेत. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

गावाची जबाबदारी

कायद्याचा हात पोहोचण्याआधी शेजाऱ्याचा हात पोहोचू शकतो. लग्नघरी मद्य घेतलेल्या पाहुण्याच्या वाहनाची किल्ली यजमानाने मागून घेतली, पहाटेच्या फेरीला दुसरा चालक पाठविला, शिक्षकांनी मध्यरात्र ते पहाटे चार हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडला आणि पंचायत सदस्यांनी विधी साहाय्याचा क्रमांक कार्यालयाबाहेर लावला, तर अनेक खटले उभेच राहणार नाहीत. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, रस्त्याच्या कडेने पायी जाणारा माणूस सुखरूप घरी पोहोचेल.