ब्रेक सर्वोची निर्वात नळी

जुन्या पेट्रोल मोटारीत इंजिनच्या शोषणाने निर्माण होणारा निर्वात रबरी नळीवाटे ब्रेकच्या सर्वोला बळ देतो. ही नळी जोडापाशी तडकली की बाहेरची हवा आत शिरते. पेडल कठीण होते, इंजिन अडखळते. तड्यावर चिकटपट्टी गुंडाळू नये. नळी पुरेशी लांब असल्यास तडकलेले टोक कापून ती क्लिपने घट्ट बसवावी. अन्यथा निर्वातासाठीचीच जाड नळी घ्यावी, कारण पातळ नळी आत चेपते. एकमार्गी झडपेची दिशा बदलू नये. नंतर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे व पाय न उचलता इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर सर्वोस बळ मिळत आहे. ही परीक्षा झाल्याविना गाडी रस्त्यावर नेऊ नये. या छोट्या जोडावर परक्यांचेही प्राण विसंबून असतात.