जुन्या ड्रिल-स्टँडास नवें ड्रिल बसविणें

हातांत धरावयाचें विजेचें ड्रिल जळालें म्हणजे शेतकरी दुसरें आणतो. परंतु जुन्या ड्रिलसाठीं घेतलेला स्टँड नव्यास जमत नाहीं, म्हणून तो कोपऱ्यांत पडतो व शेवटीं भंगारवाल्याकडे जातो. जुन्या स्टँडांची बिडाची जड बैठक व जाड खांब हा माल टाकून देण्याजोगा नव्हे. तो पुनः उपयोगांत कसा आणावा हें आम्ही चुकून शिकलों, तें येथें देत आहों.

प्रथम मोजमाप. चकाच्या मागें जो उघडा गोल गळा असतो, ज्यावर बाजूची मूठ आवळतात, तोच स्टँडच्या कड्यांत धरावयाचा असतो. युरोपीय पद्धतीच्या पुष्कळ ड्रिलांत हा गळा ४३ मि. मी. व्यासाचा असतो, जुन्या स्टँडांचीं कडीं मात्र निरनिराळ्या मापांचीं आढळतात. कांहीं स्वस्त ड्रिलांस गोल गळाच नसतो, अंग निमुळतें असतें. तीं या कामास घेऊंच नयेत.

आमच्या कड्याचा आंतील व्यास ५० मि. मी. भरला, नव्या ड्रिलचा गळा ४३. मधल्या फटींत आम्हीं डब्याचा पत्रा गुंडाळून भरला. ड्रिल घट्ट बसलें, पण सरळ बसलें नाहीं. वखराच्या जानवळ्याच्या जोडास पाडलेलीं भोंकें एकमेकांसमोर येईनात. बोल्ट ठोकून घातला, तो तिसऱ्या दिवशीं तुटला, आणि ऐन वाफशांत बैल सोडावे लागले. मोजणीच्या कागदांत आयुष्य घालविलेल्या माणसास हें आधींच सुचावयास हवें होतें.

खरा उपाय बुश. लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचें नळकांडें कातून घ्यावें : आंतून ४३, बाहेरून ५०, म्हणजे भिंत साडेतीन मि. मी.; उंची कड्याइतकी. आंतील व बाहेरील कातकाम एकाच बांधणींत करावयास सांगावें. तुकडा उलटून धरला तर दोन्हींचा मध्य चुकण्याचा संभव असतो. मग हॅक्सॉनें बुशास एकच उभी चीर पाडून ती कड्याच्या चिरेसमोर ठेवावी, म्हणजे कडें आवळतांच बुश गळ्यास घट्ट धरतो. गळा प्लास्टिकचा असल्यास बेतानेंच आवळावें, नाहींतर तो तडकतो.

आतां परीक्षा. ड्रिलची पिन बोर्डांतून काढावी. जाड तार दोन ठिकाणीं काटकोनांत वांकवून तिचें एक टोंक चकांत धरावें. दुसरें टोंक मध्यापासून ७५ मि. मी. अंतरावर बैठकीकडे वळलेलें असावें. टोंकाखालीं कागदाची चिठ्ठी जेमतेम अडकेल इतकें ड्रिल उतरवून चक हातानें सावकाश फिरवावा. चारी दिशांस चिठ्ठी सारखीच अडकली तर ड्रिल काटकोनांत आहे. आमच्या पत्र्याच्या बांधणींत टोंक एका बाजूस ३ मि. मी. वर राहत होतें. १५० मि. मी. स ३, म्हणजे पन्नासांस एक, २५ मि. मी. जाड लोखंडांत भोंक खालच्या अंगास अर्धा मि. मी. सरकतें.

असें अंतर दिसल्यास बैठकीवर पाचरी घालून तें मिटवूं नये. त्यानें परीक्षा साधते, पण सरकती चौकट जुन्याच दिशेनें उतरते, आणि भोंक रुंदावतें किंवा बिट मोडतें. कडें सैल करून बुशाखालीं कीस अडकला आहे काय तें पाहावें. चौकट खांबावर डुलत असल्यास तिचा आवळणीचा स्क्रू, असेल तर, बेतानें फिरवावा.

नवें ड्रिल वेगवान असतें. मोठ्या बिटास तो वेग सोसत नाहीं. मऊ पोलादांत ६ मि. मी. च्या बिटास मिनिटास सुमारें १३०० फेरे, १० च्या बिटास ८०० पुरतात. ठोके देण्याची कळ बंद असावी. पट्टी हातानें न धरतां शिकंजांत आवळावी, आणि हातमोजे घालूं नयेत. फिरतें बिट त्यांस ओढून घेतें.

स्टँडवर काम करतांना चालू-कळ अडकवून ठेवण्याचा मोह होतो. वीज गेली तरी ती कळ तशीच अडकलेली राहते, व वीज परत येतांच साधें ड्रिल आपोआप फिरूं लागतें. शेतावरील वीज केव्हां येईल ह्याचा नेम नसतो. तेव्हां आधीं पिन काढावी, मग चहास जावें.