शाळेच्या बसचा टप उचलण्याआधी: तयारीला किती खर्च येतो?

अमेरिकेत शाळेची पिवळी बस साधारण १२ ते १५ वर्षं मुलांची ने-आण करते आणि मग लिलावात निघते. इंजिनात अजून दम असतो, सांगाडा पोलादी असतो आणि किंमत ३ ते १० हजार डॉलरच्या आसपास, म्हणून अशी बस घेऊन तिचं फिरतं घर करणारे तिकडे पुष्कळ आहेत. घर करताना पहिली अडचण येते ती डोक्याला. उंच माणसाला आत ताठ उभं राहता येत नाही. मग टप आडवा कापून फूट-दीड फूट वर उचलण्याचा विचार सुरू होतो. तिथे राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या मनात हा बेत घोळत असेल, तर त्यांनी ग्राइंडर हातात घेण्याआधीचा हिशेब नीट समजून घ्यावा. तयारीला वेगळे पैसे बाजूला न काढल्यामुळेच या कामाची अंदाजपत्रकं कोलमडतात.

मुळात टप उचलायची गरज आहे का, हे आधी ठरवा. जुन्या बसमध्ये मधल्या वाटेत साधारण ७२ इंच उंची मिळते, उंच छताच्या बसमध्ये ७७-७८ इंच. घर करताना जमिनीवर थर्मल फोम, प्लायवूड आणि वरचं फ्लोअरिंग येतं, छताला पट्ट्या आणि लाकडी अस्तर येतं. जुनं प्लायवूड आणि जुना पत्रा काढला तरी एकूण तीनेक इंच जातातच. म्हणजे ७२ इंचांच्या बसमध्ये हाती उरतात ६९ इंच, पावणेसहा फूट, आणि तेही फक्त मधोमध. खिडकीकडे छत वळत खाली येतं. ७८ इंचांच्या बसमध्ये सव्वासहा फूट उरतात. घरातला सगळ्यात उंच माणूस पाच फूट दहा इंचांचा असेल, तर लिलावात थोडे जास्त पैसे मोजून उंच छताची बस घेणं हाच शहाणा सौदा. हजार-दोन हजार डॉलर जास्त गेले तरी पुढचे सात-आठ हजार वाचतात. वर मचाणासारखा पलंग हवा असेल, किंवा घरात सव्वासहा फुटी माणूस असेल, तरच पुढचं वाचा.

किती उचलायचं, याला रस्त्याची मर्यादा आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत वाहनाची कायदेशीर उंची १३ फूट ६ इंच आहे. पश्चिमेकडच्या काही राज्यांत १४ फूट. समजा बस बाहेरून १० फूट २ इंच आहे आणि तुम्ही ती १८ इंच उचलली. झाली ११ फूट ८ इंच. टपावर वातानुकूलन यंत्र बसवलं की आणखी १३ इंच, म्हणजे १२ फूट ९ इंच. कायद्यात बसलं, पण प्रत्येक पुलाखाली बसेल असं नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या डरॅममध्ये एक रेल्वेपूल आहे, पूर्वी बरोबर ११ फूट ८ इंच उंचीचा. ट्रकांचे टप सोलून काढण्यात त्याचं नाव इतकं झालं की २०१९ मध्ये तो ८ इंचांनी उचलून १२ फूट ४ इंच केला, आणि तरीही त्याला धडका बसतात. तुमची १२ फूट ९ इंचांची बस त्याखालून जाणार नाही. म्हणून उंची ठरवताना टपावर जे जे बसणार आहे ते सगळं धरा, आणि १२ इंचांत काम भागत असेल तर १८ चा हट्ट धरू नका. टप जितका वर, तितका वाऱ्याचा मार जास्त.

त्यानंतरचं काम फुकट आहे, पण बरेच जण ते शेवटी करतात: विमा. टप उचललेल्या बसला काही कंपन्या सरळ नकार देतात, काहींना व्यावसायिक वेल्डरने केलेल्या कामाचा पुरावा लागतो. बस ‘आरव्ही’, म्हणजे फिरतं घर, म्हणून नोंदवण्याचे नियमही राज्यागणिक वेगळे आहेत. आपल्या राज्यातल्या दोन-तीन एजंटांना काप घालण्याआधी लेखी विचारा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. फोनवरच्या ‘होऊन जाईल’ला अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष बस.

आधी आतून ती पूर्ण रिकामी करायची. सीटांचे बोल्ट जमिनीखालून गंजलेले असतात. पाना लावून सुटत नाहीत, ग्राइंडरने डोकीच उडवावी लागतात. छताचा आतला पत्रा शेकडो रिव्हेटांनी किंवा स्क्रूंनी बसवलेला असतो. रिव्हेटचं डोकं हवेच्या छिन्नीने उडवायचं, मग पंचाने दांडी आत ठोकायची. मान वर करून दिवसभर हेच काम. पत्रा निघाला की पिवळट फायबरग्लास अंगावर कोसळतं. पी-१०० मास्क, बंद गॉगल, हातमोजे आणि कानांना संरक्षण यांवर शंभर-दीडशे डॉलर खर्च करा. इथे हात आखडू नका. दोन ग्राइंडर, कापायच्या चकत्यांची पेटी, हवेची छिन्नी आणि भाड्याचा कॉम्प्रेसर मिळून ४०० ते ७००. निघालेला कचरा वाहून नेणारा मोठा डबा भाड्याने ३०० ते ६००. सीटांचं लोखंड भंगारात जातं, पण त्यातून फार सुटत नाही.

छत उघडलं की एक गोष्ट दिसते, जिचा विचार सहसा कुणी केलेला नसतो. मागचे दिवे, इंडिकेटर, आपत्कालीन दाराचा भोंगा यांच्या तारांचा जुडगा खिडक्यांच्या वरून पुढून मागे गेलेला असतो. टप वर गेला की तारा ताणल्या जातील, किंवा ग्राइंडरखाली येतील. कोणती तार कशाची, हे चिकटपट्टीवर लिहून, फोटो काढून, जुडगा मोकळा करून ठेवा. लाल झगझगणारे दिवे आणि ‘थांबा’चा हात तसाही काढावाच लागतो, त्यांच्या तारा याच वेळी निकालात काढा. गंजही आत्ताच दिसतो, विशेषतः खिडक्यांच्या खालच्या पट्टीत आणि जमिनीच्या कडेला. टपाचं सगळं वजन पुढे इथेच उतरणार आहे. पत्र्याला स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. तो आरपार गेला तर आधी ती पट्टी बदला, टपाचं नंतर.

या बसचा सांगाडा कशावर उभा आहे, हे समजलं की बाकीची तयारी का करायची ते आपोआप कळतं. टोपीच्या आकारात वाकवलेल्या जाड पत्र्याच्या कमानी एका बाजूच्या जमिनीपासून निघतात आणि टपावरून दुसऱ्या बाजूला उतरतात, बैलगाडीच्या छपराला कामट्या असतात तशा. १ एप्रिल १९७७ पासून अमेरिकेत लागू असलेल्या नियमानुसार शाळेच्या बसच्या छताने रिकाम्या गाडीच्या दीडपट वजनाचा दाब सोसायला हवा, आणि तेवढ्या दाबाखाली ते ५ पूर्णांक १/८ इंचांहून किंचितही जास्त दबता कामा नये. बस उलटली तर मुलं वाचावीत म्हणून हा नियम. टप उचलणं म्हणजे या प्रत्येक कमानीचे दोन्ही पाय कापणं. बस घर झाल्यावर त्या नियमाची सक्ती राहत नाही, पण आत झोपणारी माणसं तुमची असतात. पातळ चौकोनी नळीचे तुकडे मध्ये घालून पैसे वाचवणारे लोक मी पाहिले आहेत. हे करू नका. मूळ कमानीच्याच आकाराचे आणि तेवढ्याच जाडीचे तुकडे पत्रा वाकवणाऱ्या कारखान्यातून करून घ्या.

एका बाजूला १२ खिडक्या असतील तर मध्ये ११ कमानी येतात. दोन्ही बाजूंचे मिळून २२ पाय, म्हणजे २२ काप. प्रत्येक तुकड्याला वर आणि खाली मिळून ४४ सांधे. वाकवलेल्या तुकड्याला नगामागे २५ ते ५० डॉलर धरले तर ५५० ते ११०० होतात. काप शक्यतो खिडकीच्या मधल्या उंचीवर घ्यावा. तिथे कमान सरळ असते. वर ती वळायला लागते आणि सांधा जुळत नाही. पुढे चालकाच्या मागे कोणत्या कमानीपासून उचलायचं आणि मागचं दार तसंच ठेवायचं की तेही वर न्यायचं, हे कागदावर काढून ठरवा. खडूच्या खुणा त्यानंतर.

खुणांच्या आधी बस पाणसळीत आणायची. काँक्रीटची सपाट जागा, चाकांना दोन्हीकडून ठोकळे, चासीखाली स्टँड. चाकांवर उभी असलेली बस स्प्रिंगांवर डोलते, आणि हवेचं सस्पेन्शन असेल तर रात्रीतून एका बाजूला बसते. अशा बसचा टप सरळ बसवायचा कसा? दोन्ही बाजूंना पुढून मागे दोरी ताणा, प्रत्येक कमानीपाशी जमिनीपासूनचं माप घेऊन कमानीवरच लिहा, आणि आतल्या आयताचे दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर बस आत्ताच तिरकी आहे. ती कापून झाल्यावर सरळ होणार नाही.

मग टेकू. कापाच्या रेषेच्या वर एक आणि खाली एक अशा आडव्या चौकोनी नळ्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत टाके मारून बसवायच्या, म्हणजे कमानी कापल्या तरी भिंती बाहेर फाकत नाहीत. दीड इंची नळीच्या सहा-आठ लांब्या ३०० ते ५०० डॉलरना येतात आणि काम झाल्यावर त्याच पलंगाच्या चौकटीला वापरता येतात. उचलायला जाड आट्यांचे गज किंवा स्क्रूजॅक चार ते सहा ठिकाणी लागतात, शिवाय टप आडवा सरकू नये म्हणून एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचे मार्गदर्शक. यावर ३०० ते ६००. प्रत्येक जॅकवर एक माणूस, एकाच्या आवाजावर सगळ्यांनी सारखे फेरे. शेकडो किलोंचा टप त्या वेळी फक्त या गजांवर उभा असतो, म्हणून वारा सुटला असेल त्या दिवशी काम पुढे ढकला.

वेल्डिंगच्या आधीची तीन कामं फारशा पैशांची नाहीत, पण चुकली तर महाग पडतात. बॅटरी सोडवा, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या संगणकांचे जोड काढा. नाहीतर वेल्डिंगचा प्रवाह तिथून गेला की हजार-दोन हजारांचा डबा बाद. पुढची काच ओल्या गोधडीने किंवा वेल्डिंगच्या चादरीने झाका. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि ते डाग कधीच निघत नाहीत. आणि कमानींवरचा जस्ताचा मुलामा सांध्यापाशी घासून काढा. जस्त जळालं की त्याच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. दारं उघडी, पंखा चालू, अग्निशामक हाताशी.

आता बेरीज. तयारीची हत्यारं, मास्क, कचरा, टेकू आणि उचलायचं साहित्य मिळून साधारण १४०० ते २५५०. कमानींचे तुकडे ५५० ते ११००. वेल्डर तासाला ७५ ते १५० डॉलर घेतो. ४४ सांध्यांना दोन-तीन दिवस धरून १५०० ते ३०००. भिंती झाकायला ४ बाय ८ फुटांचे १४ पत्रे लागतील असं धरलं तर १२५० ते २१००. प्रायमर, रिव्हेट, सांध्यांचा सीलंट ४०० ते ७००. एकूण साधारण ५१०० ते ९४५० डॉलर, आणि वर पाचवा हिस्सा अडीअडचणीला. नव्या खिडक्या यात धरलेल्या नाहीत. एकीला १५० ते ४०० पडतात. सगळं काम वर्कशॉपला दिलं तर आकडा सहसा १० हजारांपासून पुढे सुरू होतो. मधला मार्ग मला सगळ्यात पटतो: रिकामी करणं, मापं आणि टेकू स्वतः करा, कापण्याच्या आणि जोडण्याच्या दिवशी अनुभवी वेल्डर बोलवा. वर्कशॉपला देत असाल, तर कमानीचे तुकडे कोणत्या गेजचे घालणार, कापाआधी आडवे टेकू बसवणार का, आणि पाणी गळलं तर किती काळ दुरुस्त करून देणार, ही उत्तरं कोटेशनवर लिहून घ्या. ‘गेज बघू नंतर’ म्हणणाऱ्याकडे बस सोडू नका.

महाराष्ट्रात कुणी जुनी बस घेऊन असं काही करण्याच्या विचारात असेल, तर इथलं गणित वेगळं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपुस्तक जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलं. निवासी गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे मान्यता घेतलेल्या बांधणाऱ्याकडून गाडी घ्या, आणि बस विकत घेण्याआधी आरटीओत जा.

तारीख ठरवताना उलट्या बाजूने मोजा. पत्रे, कमानींचे तुकडे आणि सीलंट आवारात येऊन पडल्यावरच वेल्डरची तारीख पक्की करा. पत्र्याची ऑर्डर दोन-तीन आठवडे रेंगाळते, आणि तेवढा काळ दीड फुटाची फट असलेली बस पावसात उभी राहिली तर जमिनीचा नवा गंज तुमच्याच पैशांनी काढावा लागतो. जाड ताडपत्री आणि दोर शंभर-दोनशे डॉलरना येतात. त्या काप घालण्याच्या आदल्या दिवशी टपावरून टाकून, बांधून, नीट झाकलं जातंय का ते पाहून ठेवा.