धूर न सोडणारी वीज

आपल्या सोनागिरीजवळच भेलचा विस्तीर्ण कारखाना आहे. 1956 साली स्थापन झालेली ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ ही संस्था पुढे भेलमध्ये विलीन झाली. पाण्याच्या बळावर फिरणारी टर्बाइने येथे घडतात, हे पुष्कळांस ठाऊक असेल. धुरावाचून वीज निर्माण करण्याची एवढी आवश्यकता का, याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

कोळसा हा मुख्यत्वे कार्बन होय. 12 किलो कार्बन जळताना हवेतील 32 किलो प्राणवायूशी संयोग पावतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. कोळशापासून विजेचे एक युनिट मिळविताना हा वायू सुमारे एक किलो बाहेर पडतो. तो पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. हवाई बेटावरील मौना लोआ येथे 1958 साली त्याची नियमित मोजणी सुरू झाली. त्या वेळी हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारे 315 भाग होता. आज 420 हून अधिक आहे.

यावर एक उपाय सूर्यप्रकाशाचा. 1954 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौर घट तयार झाला. तो प्रकाशाच्या शेकडा सुमारे 6 भागाचीच वीज करी. संशोधकांच्या दीर्घ परिश्रमांमुळे आजची चांगली पॅनेले शेकडा 20 हून अधिक भागाची वीज करतात.

आपल्याच राज्यात, खंडवा जिल्ह्यात, नर्मदेवरील ओंकारेश्वर जलाशयावर अशी पॅनेले तरंगत आहेत. 278 मेगावॉटच्या या प्रकल्पाचे उद्घाटन 25 डिसेंबर 2024 रोजी झाले. पूर्ण क्षमतेने तो तासभर चालला, तर 2,78,000 युनिटे मिळतात; तेवढी वीज कोळशापासून केली असती, तर सुमारे 278 टन वायू हवेत गेला असता. पाण्यामुळे पॅनेले थंड राहतात, त्यांच्या सावलीमुळे पाण्याची वाफ कमी होते आणि शेतजमीनही वाचते.

परंतु सूर्य मावळला म्हणजे काय करावे? खरी अडचण येथेच आहे. ओंकारेश्वर धरणावर 520 मेगावॉटचे जलविद्युतगृह आहे. दिवसा सूर्याकडून काम घ्यावे, पाणी राखावे आणि रात्री ते टर्बाइनांवर सोडावे, अशी सांगड घातल्यास जलाशय हाच विजेचा साठा होतो. तथापि त्याच जिल्ह्यात सिंगाजी येथे 2520 मेगावॉटचे कोळशाचे वीजगृह आहे. या दोन आकड्यांची तुलना केली, म्हणजे उरलेल्या कामाचा आवाका ध्यानी येतो.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. याच जलाशयाची पातळी वाढविण्याच्या विरोधात 2012 साली घोघलगाव येथील ग्रामस्थ 17 दिवस पाण्यात उभे राहिले होते. ज्यांची शेते बुडाली, त्यांचे पुनर्वसन हाही स्वच्छ विजेच्या हिशेबाचाच भाग आहे, असे आम्हांस वाटते.

आता प्रत्येकाने आपल्या घरचे वीजबिल पाहावे. त्यावरील युनिटे सारी कोळशाची असती, तर जवळजवळ तितकेच किलो वायू हवेत गेला असता. वर्षाची बेरीज वहीत मांडावी आणि त्यातील किती युनिटे आपणांस वाचविता येतील, हे घरातील वडीलधाऱ्यांसह ठरवावे.